देवराई व निसर्गरक्षणाचे कर्तव्य (पेडणे व डिचोली महाल)

देवतेच्या नावे राखलेले, कुऱ्हाडबंदी असलेले ग्रामवन. गोव्यात यास ‘देवाची राय’ म्हणतात. निसर्ग राखणे हे आपले कर्तव्य होय, ही भावना मनुष्यात कोठून उद्भवते, याची मीमांसा दया, उपयुक्तता अथवा भावी पिढ्यांचे हित या अंगांनी पुष्कळ झाली आहे. परंतु या महालांत तिचे मूळ, आपण भूमीचे धनी नसून गावाच्या अदृश्य राखणदाराच्या हद्दीत वहिवाट करणारे आहोत, या समजुतीत आढळते.

आचार : रायेत पादत्राणे घालून जाऊ नये, वाळकी काटकीही चुलीसाठी नेऊ नये, देवळाच्या दुरुस्तीस लाकूड लागलेच तर गावकरांनी गाऱ्हाणे घालून व कौल घेऊनच ते काढावे, असे दंडक सांगितले जातात. उल्लंघनाचा दोष एकट्या तोडणाऱ्यास न लागता सबंध गावास लागतो अशी श्रद्धा असल्यामुळे, दुसऱ्याची कुऱ्हाड अडविणे हेही प्रत्येकाचे काम ठरते. यास निव्वळ भीती म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या देवचाराचा, म्हणजे या राखणदाराचा, धाक, त्यालाच रात्रीअपरात्री वाट दाखविणारा म्हणून रोट व नारळ कृतज्ञतेने दिले जातात.

इतिहास : पेडणे महाल १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेला. अशा नव्या काबिजादींत (पोर्तुगिजांनी नंतर मिळविलेल्या महालांत) देवळांस जुन्या काबिजादींपेक्षा (आधीच्या मुलखापेक्षा) अधिक अभय मिळाले. राया टिकण्यास तेही एक कारण असावे.

वनस्पती : वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. शेजारच्या सत्तरी महालात, नानोडे-बांबर येथील निरंकाराच्या रायेत, रानजायफळाच्या कुळातील वृक्षांची गोड्या पाण्यातील दलदल टिकून असून, चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली त्यांची श्वसनमुळे अभ्यासकाने अवश्य पाहावीत. असे अधिवास पश्चिम घाटात आता अत्यंत विरळ आहेत, आणि हा तर केवळ श्रद्धेच्या बळावर वाचला.

कायदा : १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने निसर्गरक्षण नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत आले, ते थेट न्यायालयाकरवी बजावून घेता येत नाही, रायेचे कर्तव्य मात्र गाव स्वतः बजावून घेत असे. डिचोलीतील सुर्ले येथील पूर्वतळी राय जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाली आहे. पेडणे महालातील मोपा विमानतळाची पर्यावरणीय परवानगी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्थगित केली व २०२० मध्ये ती स्थगिती उठविली. त्या प्रकल्पाविषयी मतभेद आहेत.

किनारा : राखण रायांपुरतीच नाही; पेडणे महालातील मोरजी व मांद्रे येथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांची राखण वनखाते स्थानिकांच्या साहाय्याने करते.