जॉबरच्या हाताखालून आयटीआयच्या बाकापर्यंत

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत सूतगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिचे चाक फिरू लागले. यंत्रे लँकेशायरची होती, ती बसवून देणारे तंत्रज्ञही तिकडचेच. चालवणारे हात मात्र रत्नागिरी आणि साताऱ्याकडून आलेल्या शेतकऱ्यांचे होते. नांगर आणि बैल सोडून आलेल्या माणसाला चात्यांच्या ओळीपुढे उभे करायचे, तर त्याला शिकवणार कोण? मालकांनी हे काम स्वतःकडे घेतले नाही, सरकारनेही नाही. ते जॉबरच्या गळ्यात पडले आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षे तिथेच राहिले.

जॉबर हा कामगारांतूनच वर आलेला माणूस. कामावर घेणे, काढणे, गैरहजर माणसाच्या जागी बदली लावणे, बिघडलेले यंत्र चालू करणे आणि नवख्याला तयार करणे, हे सगळे त्याच्याकडे असे. रिलिंग-वाइंडिंगमध्ये बायकांवर नायकीण असे. गावाहून आलेला मुलगा भावकीतल्या कोणाच्या तरी खोलीत उतरायचा आणि त्याच्याच ओळखीने खात्यात शिरायचा. सुरुवातीला पगार नाही. त्रासनात, म्हणजे सूत काढण्याच्या खात्यात, भरलेल्या बाबिणी काढायच्या, रिकाम्या लावायच्या, तुटलेला धागा यंत्र न थांबवता बोटांनी सांधायचा. साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, अनुभवी विणकराशेजारी उभे राहून साच्याचा आवाज ओळखायला शिकायचे. फळा, पुस्तक, परीक्षा यांपैकी काही नाही. तरीही या पद्धतीने एका पिढीत लाखभर माणसे यंत्रावर उभी केली, हे तिचे श्रेय नाकारता येत नाही.

तिची किंमतही कामगारांनीच मोजली. शिकण्याची वाट ओळखीतून जात असल्याने जॉबरला दस्तुरी, म्हणजे लाच, द्यावी लागे, आणि कौशल्य हातात आले तरी त्याचा दाखला कुठेच नसे. गिरणी बदलली की पुन्हा दुसऱ्या जॉबरची मर्जी. त्याहून कठोर भिंत जातीची होती. साच्यावर कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालून धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढावे लागे आणि ते तोंडाने ओढून घेत. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागणार म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यात येऊ देत नसत. विणकाम हे गिरणीतले जास्त पगाराचे काम. ते शिकण्याची संधीच त्यांना नाकारली गेली आणि त्रासनातल्या कमी पगारावर त्यांची आयुष्ये गेली. १९२८ च्या प्रदीर्घ संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. कोणते काम कोणाला शिकू द्यायचे, हा मुळात हक्काचा प्रश्न आहे, हे त्यामुळे कामगार चळवळीच्या चर्चेत आले.

शाळांची वाट याला समांतर, पण पूर्ण वेगळी चालली होती. पुण्यात १८५४ मध्ये सुरू झालेल्या इंजिनिअरिंग वर्गाचा हेतू सरकारी बांधकाम खात्याला हाताखालची माणसे पुरवण्याचा होता. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट (व्हीजेटीआय) १८८७ मध्ये मुंबईत स्थापन झाली. दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्यासारख्या गिरणीमालकांनी तिला सढळ हाताने मदत केली. भायखळ्याहून ती १९२३ मध्ये माटुंग्याला गेली. तिथले यंत्रशास्त्र आणि कापडनिर्मितीचे लायसन्शिएट पुढे गिरण्यांत आणि कारखान्यांत अधिकारी झाले आणि परदेशी तंत्रज्ञांच्या जागा हळूहळू भारतीयांकडे आल्या. हे काम मोठे होते. परंतु शिक्षण इंग्रजीत असल्यामुळे साच्यावर उभा असलेला माणूस त्या वर्गात पोहोचणे कठीण होते. या बाबतीत बडोद्याचे कलाभवन अधिक दूरदर्शी ठरले. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये ते सुरू केले. रंगकामापासून यंत्रकामापर्यंतचे विषय देशी भाषांतून शिकवावेत, असा गज्जरांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले.

शाळा आणि कारखाना एकाच माणसात भेटल्याचे उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. ते व्हीजेटीआयमध्ये शिक्षक होते. नोकरी सोडल्यावर बेळगावात सायकलींचे दुकान, मग लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी. तिथे तयार कारागीर मिळणे शक्यच नव्हते. आसपासच्या खेड्यांतली माणसे ओतकाम आणि लेथ शिकवून तयार करावी लागली. माणूस घडवण्याचा खर्च कारखान्याच्या उभारणीतच धरावा लागतो, हे मुंबईच्या मालकांना पटत नव्हते; या माळरानावर ते परिस्थितीनेच पटवून दिले.

मुंबईत बदल आला तो बाहेरच्या दबावाने. कामगारविषयक रॉयल कमिशनच्या १९३१ च्या अहवालाने जॉबरच्या हातातली भरती काढून घेण्याची शिफारस केली. १९३४ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने सरकारी लेबर ऑफिसर आला, गिरण्यांनीही आपापले अधिकारी नेमले आणि १९३५ पासून बदली कामगारांची नोंद होऊन त्यांना कार्डे मिळू लागली. पुढच्याच वर्षी नागपाड्यात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था तीच. कामगार कल्याणाचे काम करणारी शिक्षित माणसे तिथून बाहेर पडू लागली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. भरती आणि शिस्त अशी कागदावर आली. शिकवणे मात्र बराच काळ जुन्या वाटेनेच चालले.

त्याला कलाटणी दिली दुसऱ्या महायुद्धाने. शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांना कुशल माणसे हवी होती, म्हणून १९४० मध्ये सरकारने तांत्रिक प्रशिक्षणाची योजना काढली. ब्रिटनचे कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावाच्या योजनेतून भारतीय कामगारांच्या तुकड्या इंग्लंडला शिकायला गेल्या. युद्धानंतर सैन्यातून मोकळ्या झालेल्यांना रोजगार मिळावा म्हणून १९४५ मध्ये पुनर्वसन आणि रोजगाराचे महासंचालनालय उभे राहिले. त्याच चौकटीतून १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची (आयटीआय) व्यवस्था आली. १९५६ मध्ये या संस्थांचा रोजचा कारभार राज्यांकडे गेला आणि अभ्यासक्रम, परीक्षा यांचे मापदंड केंद्राकडे राहिले.

आयटीआयने नेमके काय बदलले, ते फिटरच्या कार्यशाळेत दिसते. मुलगा व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा धरतो आणि दिवसचे दिवस कानस चालवतो. मग गुण्या लावून तो तुकडा उजेडासमोर धरायचा; मधून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा कानस. जॉबरच्या शाळेत चूक म्हणजे शिवी आणि खाडा. इथे चूक मोजता येते, दुरुस्त करता येते. अभ्यासक्रमाच्या शेवटी हातात पडणारे प्रमाणपत्र कोणत्याही कारखान्याच्या दारात चालते. खेड्यातल्या, शेतमजुराच्या घरातल्या मुलाला ओळखीशिवाय यंत्रापर्यंत नेणारी ही पहिली मोठी सार्वजनिक वाट होती आणि तिचे मोल आजही पुरेसे ओळखले जात नाही.

मालकांचा वाटा कायद्याने ठरवून घ्यावा लागला. १८५० चा जुना अॅप्रेंटिस कायदा मुख्यतः अनाथ आणि गरीब मुलांना कारागिरांकडे बांधून देण्यासाठी होता. १९६१ च्या कायद्याने ठरावीक उद्योगांतील कारखान्यांवर शिकाऊ उमेदवार घेण्याची जबाबदारी टाकली आणि उमेदवाराला विद्यावेतन दिले. १९७३ मध्ये पदवीधर व पदविकाधारक अभियंते त्यात आले. उमेदवाराला शिकवण्याऐवजी स्वस्त मजूर म्हणून राबवण्याची खोड तरीही सुटली नाही, आणि ती या कायद्याची सर्वांत दुखरी बाजू आहे. २०१६ च्या योजनेत सरकारने विद्यावेतनाचा काही भार उचलला. २०१९ च्या नियमांनी ३० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना उमेदवार घेणे सक्तीचे केले. प्रमाण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के.

दरम्यान, शिक्षणाचा अर्थ यंत्रापलीकडे नेणारे दोन प्रयत्न महाराष्ट्रात झाले. १९५८ मध्ये नागपुरात मुख्यालय असलेले केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले. कामगारांतूनच शिक्षक तयार करून हक्क, कायदे आणि संघटना यांचे वर्ग त्याने कारखान्यांपर्यंत नेले. दुसरा प्रयत्न मुंबईच्या लार्सन अँड टुब्रो कंपनीत. १९७० च्या दशकाच्या मध्याला व्यवस्थापनतज्ज्ञ उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांच्या सल्ल्याने तिथे मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. कामाचे मूल्यमापन, समुपदेशन, प्रशिक्षण आणि पुढची बढती यांची सांगड घालणारी ही रचना देशातल्या इतर कंपन्यांनी पुढे उचलली.

मुंबईच्या गिरणगावाला मात्र यातले फारसे काही मिळाले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या. साच्यावर वीस-वीस वर्षे काढलेल्या माणसांच्या हातात असामान्य कसब होते, पण ते जॉबरकडून मिळालेले, दाखल्याविना. दुसऱ्या धंद्यात ते दाखवायला कागद नव्हता, आणि त्यांना नव्या कामासाठी शिकवायला वेळीच कोणी पुढे आले नाही. त्यांतले कितीतरी जण वॉचमन झाले, भाजीची गाडी लावू लागले किंवा कोकणात, घाटावर परतले.