वॉश

पुष्कळ पाण्यात कालवलेल्या रंगाचा, कागदावर एका ओघात पसरलेला पातळ व पारदर्शक थर. 'वॉश देणे', 'वॉश मारणे' हे प्रयोग चित्रकलेच्या वर्गात सर्रास ऐकू येतात. शाईचा किंवा सेपियाचाही वॉश देतात. थरातून दिसणारा कोरा कागद हाच जलरंगातला उजेड, म्हणून कसलेले जलरंगचित्रकार पांढरा रंग शक्यतो टाळतात.

सपाट वॉशसाठी ड्रॉइंग बोर्डवर ताणून चिकटवलेला कागद किंचित तिरपा ठेवतात. लागणारा सगळा रंग आधीच वाटीत कालवावा लागतो. मध्येच संपला तर तीच छटा पुन्हा जुळणे कठीण. भरलेला ब्रश आडवा ओढला की पट्ट्याच्या खालच्या काठाशी रंगीत पाणी साचते. पुढचा पट्टा ते पाणी खाली ओढून नेतो आणि शेवटी उरलेले पाणी पिळलेल्या ब्रशने टिपून घेतात. दर पट्ट्याला पाणी वाढवत गेले की छटा फिकी होत जाते. आकाश बहुधा असेच रंगवतात. अर्धवट वाळलेल्या थराला पुन्हा हात लावला, तर नवे पाणी रंगकणांना कडेला ढकलते आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा कातर डाग उमटतो. नवशिक्यांचे वॉश बहुतेक या 'जरा नीट करू'पायीच बिघडतात. अल्ट्रामरिन निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसून येणारा दाणेदार पोत मात्र दोष नव्हे. जाणते चित्रकार तो मुद्दाम आणतात.

बंगाल शैलीतला वॉश याच्या अगदी उलट. योकोयामा ताइकान व हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार १९०३ मध्ये कलकत्त्यात आले. ताइकान ओल्या ब्रशने कागद भिजवत, ते पाहून अवनींद्रनाथ टागोर अख्खे चित्रच पाण्यात बुडवू लागले. सुटा रंग धुऊन जायचा, मुरलेला राहायचा. वर पुन्हा रंग, पुन्हा पाणी. 'भारतमाता'मधली (१९०५) धूसरता त्यातूनच आली. पुढे असितकुमार हलदार यांच्याबरोबर हे तंत्र लखनौच्या कलाशाळेत रुजले. सगळेच धुक्यात बुडवण्याची अनुकरणकारांची खोड मात्र कंटाळवाणी ठरली.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या परंपरेत जलरंग वास्तवदर्शनाकडे वळले. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) यांचे, हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे 'ग्लो ऑफ होप' म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. अनेक जण ते राजा रविवर्म्याचे तैलचित्र समजतात. प्रत्यक्षात ते जलरंगातले आहे.