परीक्षाभय आणि अध्ययन-अक्षम विद्यार्थी : माहूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

माहूर म्हटले की रेणुकामातेचे शक्तिपीठ, दत्तशिखर, अनसूयेचे स्थान आणि महानुभाव पंथाच्या गुरुपरंपरेतील चक्रपाणींचा वास ह्या गोष्टी प्रथम मनात येतात. शिक्षणाच्या इतिहासाच्या अभ्यासकास मात्र हा डोंगराळ मुलूख निराळ्या कारणाने लक्षणीय वाटतो. मराठी, गोंडी, कोलामी आणि बंजाऱ्यांची गोरमाटी अशा बोली येथे शेजारी शेजारी नांदतात, आणि एका शतकाच्या आत ह्या प्रदेशावर शिक्षणाच्या व परीक्षेच्या तीनचार निरनिराळ्या राजवटी येऊन गेल्या. वाचनलेखनात जन्मजात अडखळणाऱ्या मुलाला परीक्षेची जी धास्ती वाटते तिचा विचार बहुधा मुंबई-पुण्याच्या अनुभवावरून केला जातो. तो माहूरच्या बाजूने केल्यास त्यातील काही गृहीते टिकत नाहीत.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहणे अवश्य आहे. पंतोजींच्या गावठी शाळेत परीक्षा नव्हती असे नव्हे. ती रोजचीच होती. पाढे, परवचा, तोंडी हिशेब आणि मोडीचा कित्ता ह्यांतच मुलाची पारख होई. ज्याच्या डोळ्यांना अक्षरे नीट ओळखू येत नसत पण ज्याचे पाठांतर चांगले असे, असा मुलगा त्या शाळेत निभावून जात असावा. ह्यावरून ती शाळा दयाळू होती असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल, कारण ज्याला पाढेच पाठ होत नसत त्याच्या वाट्याला छडी येई. तथापि ठरावीक दिवशी, ठरावीक तासांत, अपरिचित परीक्षकासाठी, केवळ लिहून आपली योग्यता सिद्ध करण्याचा प्रसंग त्या मुलावर येत नव्हता. तो प्रसंग आपल्याकडे विद्यापीठांबरोबर आला. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि त्याची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ मध्ये झाली. न्या. रानडे व डॉ. भांडारकर हे त्या पहिल्या उत्तीर्णांतील होत. ‘मॅट्रिक’ ह्या शब्दाला मराठी घरांत जे वजन आले आणि ‘नापास’ ह्या शब्दाला जो कलंक चिकटला, त्यांचा उगम येथे आहे.

माहूरला हे वारे उशिरा व वाकड्या वाटेने पोचले. निजामी राजवटीत माहूर हे किनवट तालुक्यात आणि किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. उस्मानिया विद्यापीठाच्या स्थापनेनंतर, म्हणजे १९१८ नंतर, हैदराबाद संस्थानातील वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू झाले. गोंडी बोलणाऱ्या मुलाने मराठी ऐकावी, शाळेत उर्दू शिकावी आणि उर्दूतच परीक्षा द्यावी, अशी ही रचना होती. अशा मुलाचे वाचन अडले तर ते बुद्धीच्या उणिवेने, भाषेच्या परकेपणाने, की वाचनाच्या एखाद्या विशिष्ट दोषाने, हे कोण ठरवणार? ठरविण्याची गरजही कोणास भासली नाही. त्याच आदिलाबाद जिल्ह्यात मारलवाई येथे क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्या मानवशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९४३ मध्ये गोंड शिक्षणयोजना सुरू झाली. गोंड तरुणांना शिक्षक करावे आणि मुलांना प्रथम गोंडी भाषेची देवनागरीतील पुस्तके द्यावी, हे तिचे सूत्र होते. मुलाची चाचणी त्याच्या स्वतःच्या भाषेत व्हावी हा विचार ह्या मुलखात इतका जुना आहे, ही गोष्ट आजच्या चर्चेत फारशी कोणाच्या ध्यानात नसते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट तालुका नांदेड जिल्ह्यात आला आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. १९५८ मध्ये औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मधील आहे. १९६५ च्या कायद्यानुसार १ जानेवारी १९६६ पासून महाराष्ट्राचे माध्यमिक शिक्षण मंडळ काम करू लागले. मुलांचे माध्यम मराठी झाले, ही मोठीच गोष्ट होती. परंतु गोंड, कोलाम व बंजारा मुलांच्या दृष्टीने एक परकी भाषा जाऊन तिच्या जागी दुसरी, थोडी जवळची भाषा आली, इतकाच त्याचा अर्थ होता.

ह्याच सुमारास पाश्चात्य देशांत दोन स्वतंत्र संशोधनप्रवाह आकार घेत होते. वाचन-वैगुण्याचा विचार त्यांतील जुना. ‘डिस्लेक्सिया’ ही संज्ञा रुडॉल्फ बर्लिन ह्या जर्मन नेत्रवैद्याने १८८७ मध्ये वापरली. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन ह्या इंग्रज वैद्याने, अन्य सर्व बाबतींत हुशार असूनही वाचू न शकणाऱ्या एका चौदा वर्षांच्या मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘अध्ययन-अक्षमता’ ह्या अर्थाची इंग्रजी संज्ञा रूढ झाली ती सॅम्युएल कर्क ह्यांनी १९६३ मध्ये शिकागो येथे पालकांच्या सभेपुढे ती मांडल्यापासून. दुसरा प्रवाह परीक्षाभयाचा. येल विद्यापीठातील मँडलर व सॅरासन ह्यांनी १९५२ मध्ये परीक्षाभय मोजणारी प्रश्नावली सिद्ध केली. १९६७ मध्ये लीबर्ट व मॉरिस ह्यांनी ह्या भयाचे दोन घटक वेगळे केले : एक, ‘आपले कसे होणार’ ही मनातील घोर चिंता, दुसरा, छातीची धडधड, घामेजणे, पोटात गोळा येणे हा शरीराचा क्षोभ. गुणांवर विपरीत परिणाम होतो तो मुख्यतः पहिल्या घटकाचा, असे पुढील संशोधनात आढळले. हेम्ब्री ह्यांनी १९८८ मध्ये पाचशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. परीक्षाभय उपायांनी कमी होते, आणि ते कमी झाल्यास गुण सुधारतात, असे त्यांना दिसले. मात्र केवळ अभ्यासकौशल्ये शिकवून भय हटत नाही, असेही त्यांनी नोंदविले.

हे दोन प्रवाह एकत्र आणल्यावर एक अवघड प्रश्न उभा राहतो. सामान्य विद्यार्थ्याचे परीक्षाभय बहुधा वास्तवापेक्षा मोठे असते. म्हणून ‘घाबरू नकोस, तुला येते’ हे सांगणे सार्थ ठरते. अध्ययन-अक्षम विद्यार्थ्याची भीती मात्र पुष्कळ अंशी वस्तुस्थितीला धरून असते. त्याला उत्तर येते, पण तीन तासांत प्रश्न वाचून ते लिहून होणार नाही हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. अशा मुलाला दीर्घश्वसन शिकवून पाठीवर हात ठेवणे चुकीचे नाही. पण भीतीचे कारण तसेच ठेवून भीती घालविण्याचा तो प्रयत्न होय. परीक्षेची रचना बदलणे हा येथे मानसिक उपचाराचाच भाग ठरतो.

महाराष्ट्राने ही गोष्ट इतर राज्यांच्या आधी ओळखली, हे मान्य केले पाहिजे. १९९६ च्या सुमारास राज्यशासनाने शालान्त परीक्षेस बसणाऱ्या अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांसाठी सवलती मंजूर केल्या. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय आणि बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित, असे त्यांचे स्वरूप होते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या अध्ययन-अक्षमता केंद्रात डॉ. माधुरी कुलकर्णी, डॉ. सुनील करंदे आदींनी ह्या मुलांची पद्धतशीर तपासणी केली. सवलती मिळालेल्या विद्यार्थ्यांचे शालान्त परीक्षेतील गुण त्यांच्या आधीच्या गुणांपेक्षा सुधारले, असे ह्या वैद्यांनी २००६ मध्ये दाखवून दिले. केंद्रीय कायद्याला मात्र वेळ लागला. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात ह्या अक्षमतेचा उल्लेखच नव्हता. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत तिला स्थान मिळाले.

परंतु सवलत ही प्रमाणपत्रावर अवलंबून, आणि प्रमाणपत्र देणारी केंद्रे आरंभी मुंबईतील मोठ्या रुग्णालयांत. माहूरपासून ते अंतर सहाशे किलोमीटरांहून अधिक. अंतरापेक्षाही मोठी अडचण चाचण्यांची होती. प्रमाणित चाचण्या मुख्यत्वे इंग्रजीत असल्यामुळे तपासणीस येणारी मुलेही बव्हंशी इंग्रजी माध्यमाच्या शाळांतील असत. मराठीसह काही भारतीय भाषांसाठी रचलेला ‘डाली’ हा चाचणीसंच राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये प्रकाशित केला, म्हणजे सवलतींनंतर जवळजवळ वीस वर्षांनी. सवलत आधी आणि ती मागण्याचे साधन मागाहून, असा हा उलटा क्रम आहे. गोंडी वा कोलामी घरातील मुलासाठी ‘डाली’तील मराठीही शाळेचीच भाषा राहते, हा प्रश्न निराळाच.

मराठी वाचनाचा एक विशेष येथे ध्यानात घेतला पाहिजे. देवनागरीत ध्वनी व चिन्ह ह्यांचा मेळ पुष्कळ नियमित आहे. त्यामुळे इंग्रजी शिकणारा मूल जसे उघड उघड चुकीचे वाचते, तसे मराठी शिकणारे अक्षम मूल सहसा वाचत नाही. ते बरोबर पण अतिशय सावकाश वाचते. घ आणि ध, भ आणि म, व आणि ब ह्यांत घोटाळणे, उच्चारात मागून येणारी पण लिपीत आधी येणारी पहिली वेलांटी, जोडाक्षरे, ऱ्हस्वदीर्घ हे सारे त्याच्या वाटेतले खडे. वर्गात गुरुजींच्या प्रश्नाला ते तोंडी उत्तर देते, म्हणून दोष नजरेस येत नाही. तो उघड होतो घड्याळासमोर. मग ‘वर्षभर उनाडला’ हा शेरा मिळतो, नाही तर ‘ढ’ ही पदवी. (ढ हे अक्षर ब्राह्मीपासून फारसे बदलले नाही, म्हणून न शिकणाऱ्यास ते नाव पडले, असे सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, शब्द क्रूर आहे.) ह्यावरून एक अनुमान निघते : मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास सर्व सवलतींत जादा वेळेचे मोल अधिक असले पाहिजे, आणि शुद्धलेखनाच्या सवलतीचे त्याखालोखाल.

नांदेड जिल्ह्याच्या बाबतीत ह्या इतिहासाला आणखी एक पदर आहे. २०१० च्या सुमारास जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी ह्यांनी राबविलेली कॉपीमुक्तीची मोहीम ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजली. मोहिमेची आवश्यकता निर्विवाद होती. सामुदायिक कॉपीने प्रामाणिक विद्यार्थ्यावर अन्याय होत होता आणि शाळांच्या निष्क्रियतेवर पांघरूण पडत होते. परंतु कॉपी हा परीक्षाभयावरील एक गावठी आणि विषारी उतारा होता, हेही विसरता येत नाही. तो उतारा काढून घेतल्यावर ज्यांना खरोखरच वाचता येत नव्हते ती मुले प्रथमच उघड्यावर आली. कॉपीमुक्तीने अध्ययन-अक्षमता निर्माण केली नाही. तिने ती झाकणारा पडदा दूर केला. मात्र पडदा दूर झाल्यावर दिसलेल्या मुलांची तपासणी करण्याची यंत्रणा त्याच जोमाने उभी राहिली नाही. उलट संशयाचे वातावरण असे की लेखनिक घेऊन बसलेला मुलगा भरारी पथकाच्या दृष्टीने आधी संशयित आणि मग सवलतधारक. लेखनिक खालच्या इयत्तेचा असावा हा नियम ह्याच संशयातून आला आहे. तो समर्थनीय आहे; पण परीक्षेच्या दिवशी प्रथम भेटलेल्या, विषयातील संज्ञा न ऐकलेल्या लेखनिकास उत्तर सांगणे ही अक्षम विद्यार्थ्याला दुसरी परीक्षाच होते. सराव परीक्षेपासून तोच लेखनिक, तेवढाच जादा वेळ आणि शक्य तर तीच खोली मिळाली, तर अपरिचिताचे भय पुष्कळ ओसरते. ह्यास पैसा लागत नाही, मुख्याध्यापकाची इच्छा लागते.

शेजारच्या लातूरने दुसरा आदर्श उभा केला. ‘लातूर पॅटर्न’ म्हणजे सततच्या चाचण्या, सराव आणि गुणवत्ता यादीतील नावे. वारंवार परीक्षा दिल्याने परीक्षेचे भय बोथट होते हे तत्त्व त्यात अंतर्भूत आहे, आणि बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. ज्याचा वेग वाढूच शकत नाही त्याला मात्र अधिक चाचण्या म्हणजे अपयशाच्या अधिक तिथ्या. नांदेड व लातूर ही दोन्ही नावे एकाच विभागीय मंडळाखाली येतात. एकाने परीक्षेची शुचिता दिली, दुसऱ्याने गती. सावकाश वाचणाऱ्या मुलाचा विचार दोहोंच्याही मुळाशी नव्हता.

अलीकडचे बदल संमिश्र आहेत. प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी परीक्षेआधी मिळणारी दहा मिनिटे मंडळाने २०२३ मध्ये बंद केली आणि त्याऐवजी शेवटी दहा मिनिटे वाढवून दिली. प्रश्नपत्रिका फुटण्याच्या धोक्यामुळे हे करावे लागले. परंतु लेखणी हाती न घेता शांतपणे प्रश्न वाचण्याची ती दहा मिनिटे चिंताग्रस्त मुलाला जितकी उपयोगी होती, तितकी शेवटची, दमलेल्या हाताची दहा मिनिटे होतील काय, हे तपासण्याजोगे आहे. त्याच वर्षी राज्याने पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षा पुन्हा आणल्या. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास पुनर्परीक्षेची संधी आहे, त्यातही न उतरल्यास तो त्याच वर्गात राहतो. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ह्या अक्षमतेचे निदान आठव्या वर्षापासून, म्हणजे तिसरीच्या सुमारास, होऊ शकत होते आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी व्हावयाची होती. म्हणजे तिसरी ते पाचवी ही दोन वर्षे माहूरच्या शाळेच्या हाती आहेत. ह्या दोन वर्षांत मुलाचे सावकाश वाचन मराठी परकी असल्यामुळे आहे की मराठी घरच्या भाषेसारखी येत असूनही आहे, हा भेद ज्याला करता येईल तो माणूस मुंबईच्या रुग्णालयात नसून मुलाची घरची बोली जाणणाऱ्या शिक्षकांत शोधावा लागेल. मारलवाईच्या योजनेने १९४३ मध्ये नेमका तोच शोधला होता.