आपल्या कॉमन प्लॉटची गोष्ट

गणेशचतुर्थी जवळ आली की आमच्या सोसायट्यांत पहिला प्रश्न निघतो, मंडप कुठे घालायचा? उत्तर ठरलेले : कॉमन प्लॉटवर. हा शब्द सुरतच्या मराठी घरांत इतका रुळला आहे, की तो आला कुठून याचा विचार आम्ही कधी केला नाही. ही जागा कुण्या बिल्डरने उदार होऊन सोडलेली नाही. मोठ्या जागेवर वसाहत बांधताना साधारण एकदशांश भाग सर्वांसाठी मोकळा ठेवावा, असा नियम आहे म्हणून ती उरली. ज्या नियमांनी बाप्पाला जागा दिली, त्यांचा इतिहास यंदाच्या अंकात सांगावा असे वाटले.

सुरुवात आपल्या महाराजांपासूनच करावी लागते. १६६४ मध्ये शिवरायांनी सुरतेवर स्वारी केली तेव्हा शहराला मातीचा तट होता. त्यानंतर मोगलांना विटांचा कोट बांधण्याची निकड वाटली. पुढे वस्ती कोटाबाहेर पसरली आणि अठराव्या शतकात दुसरा, बाहेरचा तट उभा राहिला. रिंग रोडवरची उधना दरवाजा, सहारा दरवाजा, मजुरा गेट ही नावे त्याचीच आठवण. त्या काळी तट हाच नियम होता : आत ते शहर, बाहेर ती शेती. आत मात्र लाकडी घरे एकमेकांना चिकटून उभी राहत गेली. एप्रिल १८३७ च्या भीषण आगीत अशी हजारो घरे जळाली.

जमिनीच्या नियोजनाचा खरा कायदा आला १९१५ मध्ये. तेव्हा सुरत मुंबई इलाख्यात होते, आणि मुंबईचा हा नगररचना कायदा देशातला अशा प्रकारचा पहिला. मूळ कल्पना जर्मनीतली. गावाबाहेरची वेडीवाकडी शेते कागदावर एकत्र करायची, त्यातून रस्ते, बाग, शाळा यांची जागा काढायची आणि उरलेल्या जमिनीचे सरळ, चौकोनी प्लॉट पाडून ते मूळ मालकांना परत द्यायचे. मालकाची जमीन कमी होते, पण ती रस्त्यावर येते आणि तिचा भाव वाढतो. त्या वाढीतला काही वाटा रस्ते, गटारे यांच्या खर्चासाठी घेतला जातो. शेतकऱ्याला मुळासकट उठवावे लागत नाही. आपण सुरतेत ज्याला नुसते ‘टी.पी.’ म्हणतो, ती हीच योजना. १९५४ च्या कायद्याने त्याच्या जोडीला संपूर्ण शहराचा विकास आराखडा आणला.

१ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली, पण सातबारा दोन्हीकडे राहिला आणि हा कायदाही. महाराष्ट्राने १९६६ मध्ये स्वतःचा कायदा केला, त्यात टी.पी.ची तरतूद राहिली, वापर मात्र मागे पडला. गुजरातने ती नेटाने चालू ठेवली. १९७६ चा नवा कायदा आला, १९७८ मध्ये ‘सुडा’ स्थापन झाले. या कायद्यात आज रस्त्यांसाठी १५ टक्के, बागा-मैदानांसाठी ५, शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींसाठी ५ आणि विकून खर्च भागवण्यासाठी १५ टक्के जमीन काढण्याची सोय आहे.

पण शहर कायद्यापेक्षा वेगाने धावले. १९५१ मध्ये सुरतेची लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती ४४ लाखांवर गेली. २००६ मध्ये महापालिकेची हद्द ११२ चौरस किलोमीटरवरून एकदम सव्वातीनशेवर पोहोचली. याच धावपळीत यंत्रमागांच्या आधाराने खानदेशातून आलेली आपली माणसे उधना, लिंबायत, डिंडोलीकडे वसली. कुणी एन.ए. न झालेल्या शेतात प्लॉट घेतला, कुणी नुसत्या साठेखतावर घर बांधले. घर आधी आले, टी.पी. नंतर. मग कुणाची ओसरी रस्त्यात गेली, तर कुणाला दस्तावेज नीट करायला वर्षे लागली. १९९४ च्या प्लेगने दाखवून दिले, की गटार आणि रस्ता मागे ठेवून वाढलेल्या शहराला काय भोगावे लागते.

नियमांची पुस्तकेही गावोगाव निराळी होती. सुरतेचे मार्जिन वेगळे, राजकोटचे वेगळे, शिवाय दुरुस्त्यांवर दुरुस्त्या. सामान्य माणूस आर्किटेक्ट किंवा दलाल सांगेल तेच खरे मानी. ऑक्टोबर २०१७ मध्ये गुजरात सरकारने साऱ्या राज्यासाठी एकच बांधकाम नियमावली लागू केली. शहरांचे वर्ग पाडले. उंची, पार्किंग, जिने, आगीपासून बचाव, मोकळी जागा हे सारे एका पुस्तकात आले. महाराष्ट्राने मुंबई वगळून बहुतेक भागासाठी असेच पाऊल डिसेंबर २०२० मध्ये उचलले.

पुस्तक एक झाले, म्हणून काम संपले का? २४ मे २०१९ च्या दुपारी सरथाण्यातल्या एका व्यापारी संकुलाला आग लागली. वरच्या मजल्यावर शिकवणीला आलेल्या मुलांना बाहेर पडायला वाट उरली नाही. २२ कोवळे जीव गेले. नियमावली तेव्हा दीड वर्षाची होती. जिना कसा असावा हे तिच्यात लिहिलेले होते. त्या मुलांच्या वाट्याला तो जिना आला नाही. अनधिकृत बांधकामे ‘इम्पॅक्ट फी’ भरून नियमित करण्याचे कायदे २००१, २०११ आणि २०२२ असे तीनदा आले. अनेकांना, आमच्यातल्याही काहींना, त्यांचा आधार वाटला, हे आम्ही नाकारत नाही. पण फी भरून कागद सुधारतो, जिना रुंद होत नाही.

म्हणून मंडळातल्या घरांना एक विनंती. यंदा आरतीनंतर सोसायटीची फाइल एकदा उघडून पाहा. पास झालेला प्लॅन आहे का? बी.यू. परवानगी आहे का? जिन्यात सायकली आणि जुने कपाट तर नाही ना? मंडप घालताना बंबाला आत यायला वाट सोडली आहे ना? आणि त्या प्लॅनवर कॉमन प्लॉट कुठे दाखवला आहे, तेही मुलांना दाखवा. तिथे आज कुणी गॅरेज किंवा गाळा काढला असेल, तर पुढच्या वर्षी बाप्पाला बसवायचे कुठे, हा प्रश्न आपल्यालाच विचारावा लागेल.