गाडीतली बंदूक आणि १९६७चा कायदा

आज एका छोट्याशा नियमाची गोष्ट सांगतो.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात खास परवाना नसेल तर पिस्तूल गाडीतून रिकामंच न्यावं लागतं, आणि तेही कुलूपबंद पेटीत किंवा डिकीत. ग्लव्ह बॉक्सला कुलूप लावलं तरी ते धरत नाहीत. ऐकायला साधा सुरक्षेचा नियम वाटतो ना? पण भरलेली बंदूक गाडीत बाळगण्यावरच्या बंदीचा इतिहास वाचला, तेव्हा मी चक्रावलो.

१९६६ साली भरलेली बंदूक उघडपणे हातात घेऊन रस्त्यावर फिरणं तिथे कायदेशीर होतं. लपवून नेणं मात्र गुन्हा. गाडीपुरतं एक कलम होतं, तेही शिकार आणि मासेमारीच्या कायद्यात: चेंबरमध्ये काडतूस असलेली रायफल किंवा शॉटगन गाडीत ठेवायची नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. काळ्या वस्तीत पोलिसांची दहशत होती. न्यूटनने कायद्याचा अभ्यास केलेला. मग ही पोरं गाडीतून पोलिसांच्या मागे फिरायची. गाडीत बसताना चेंबर रिकामं, खाली उतरल्यावर काडतूस आत! पोलीस कुणाला अडवत असले की कायद्याने सांगितलेल्या अंतरावर उभं राहून बघायचं आणि अडवलेल्या माणसाला त्याचे हक्क मोठ्याने सांगायचे. पोलीस वैतागायचे, पण बोट ठेवायला जागा नव्हती.

मग कायदाच बदलायचं ठरलं. डॉन मलफर्ड या रिपब्लिकन आमदाराने विधेयक आणलं. त्याच्या निषेधार्थ २ मे १९६७ला सुमारे ३० पँथर बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले. गोळी एकही सुटली नाही, पण देशभर खळबळ उडाली. परतताना पेट्रोल पंपावर त्यांना अटक झाली. विधानसभेच्या कामात अडथळा आणला म्हणून सीलला तुरुंगवास झाला.

विधेयक मात्र सुसाट पुढे सरकलं. बंदुकांच्या हक्कासाठी आज भांडणाऱ्या नॅशनल रायफल असोसिएशननेही तेव्हा त्याला पाठिंबा दिला. २८ जुलैला गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी सही केली. आता शहरातल्या रस्त्यावर किंवा गाडीत भरलेली बंदूक बाळगणं गुन्हा ठरलं. बंदूक भरलेली आहे का, हे तपासायचा अधिकारही पोलिसांना मिळाला.

आता माझं मत. भरलेली बंदूक गाडीत नसावी, हा नियम मला पटतो. आपल्या शेजारच्या गाडीत अशी बंदूक असावी असं कुणाला वाटेल? पण इतकी वर्षं गोऱ्यांच्या हातातल्या बंदुका चालल्या आणि काळ्यांनी त्याच कायद्याचा वापर केल्यावर काही महिन्यांत कायदा बदलला, हेही तितकंच खरं. शिवाय पोलिसांच्या ज्या वागणुकीमुळे ही पोरं रस्त्यावर आली, तिच्याबद्दल या कायद्यात काहीच नव्हतं.

आपल्याशी याचं एक नातं आहे बरं का. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या साथीदारांनी दलित पँथर उभी केली, तेव्हा नाव या ओकलंडच्या पोरांवरूनच घेतलं होतं.

म्हणून कुठलाही नियम वाचताना मी आता दोन गोष्टी शोधतो: तो कधी झाला आणि तेव्हा नेमकं कोण डोळ्यात खुपत होतं. तुम्हीही शोधून बघा. भेटूया पुढच्या भागात!