गारवा आणि वजन : महाराष्ट्रातील छपरांचा इतिहास

महाराष्ट्रात घर तापते ते प्रामुख्याने वरून. राज्याचा बहुतेक भाग १६ ते २२ उत्तर अक्षांशांच्या दरम्यान येतो, त्यामुळे मे महिन्याच्या मध्यावर दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. भिंतींवर ऊन तिरपे पडते, छपरावर मात्र ते सरळ उतरते. म्हणून इथल्या घरांनी उन्हापासून बचाव कसा केला हे पाहायचे तर भिंतींपेक्षा छपरांचा इतिहास पाहावा लागतो. त्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. छपराचे साहित्य बदलले ते बहुतेक वेळा आग, गळती, वाळवी, भूकंप किंवा दरवर्षीची मेहनत यांना कंटाळून. आणि जवळजवळ प्रत्येक बदलात घराचा गारवा थोडा कमी होत गेला.

उष्णता अडवण्याच्या पद्धती मुळात दोन. एकीत साहित्याच्या पोकळ्यांत हवा कोंडून ठेवायची, कारण स्थिर हवेतून उष्णता फार हळू जाते. दुसरीत भिंत किंवा छप्पर इतके जाड आणि जड ठेवायचे की दिवसाची उष्णता आत पोहोचायला रात्र व्हावी. पहिली पद्धत कुठेही चालते. दुसरीला मात्र रात्री हवा गार व्हावी लागते, तरच साठलेली उष्णता बाहेर निघून जाते. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात दिवस-रात्रीच्या तापमानात बरेच अंतर पडते, तिथे जाड माती उपयोगी ठरली. किनाऱ्यावर हे अंतर थोडे आणि हवा दमट. तिथे जड छप्पर रात्रभर अंगावर उष्णता सोडत राहिले असते.

सर्वांत जुने आणि अनेक शतके सर्वांत जास्त वापरले गेलेले आच्छादन गवताचे. सह्याद्रीच्या पायथ्याशी भाताचा पेंढा आणि रानगवत, किनाऱ्यावर माडाच्या झावळ्यांची झापे. गवताच्या काड्या पोकळ, त्यांच्यामध्येही हवा. त्यामुळे दाट शाकारलेले केंबळ काँक्रीटपेक्षा सुमारे वीसपट कमी उष्णता जाऊ देते. वारली वस्त्यांमध्ये याच्या जोडीला कारवीचे कूड असत. कारवीच्या काठ्या बांधून त्यांवर माती आणि शेणाचा लेप दिला की हलकी, श्वास घेणारी भिंत तयार होई. वारली चित्रे रंगली ती याच भिंतींवर. आजच्या कोणत्याही महागड्या साहित्याशी तुलना करता येईल असा गवताच्या छपराचा उष्णतारोध होता. पण पावसाळ्यापूर्वी दर एक-दोन वर्षांनी छप्पर नव्याने शाकारावे लागे, उंदीर आणि साप त्यात घर करीत, आणि एका ठिणगीने अख्खी आळी जळून जाई. ज्याला परवडेल त्याने गवत सोडले यात नवल नाही.

देशावर, विशेषतः मराठवाडा, सोलापूर आणि खानदेशात, पाऊस कमी आणि गवतही कमी. तिथे सपाट मातीचे छप्पर रूढ झाले. त्याला कुठे माळवद म्हणतात, कुठे धाबे. खांबांवर सागवानी किंवा बाभळीच्या तुळया, त्यांच्यावर आडवी लाकडे, मग चिपाडे किंवा पाला, त्यावर चिखलाचा थर आणि सगळ्यांत वर पांढरी माती. ही माती जुन्या गावठाणातून, पडलेल्या गढ्यांतून आणली जाई. काळ्या मातीसारखी ती भेगाळत नाही आणि दाबून बसवली की पाणी सहज आत सोडत नाही. तिच्यासाठी प्राचीन वस्त्यांची अनेक टेकाडे खणली गेली, हे पुरातत्त्वाच्या दृष्टीने मोठे नुकसानच. खालच्या भिंती दोन-अडीच फूट किंवा त्याहून जाड, दगड आणि चिखलाच्या. अशा घरात भर दुपारी शिरले की फरक अंगाला जाणवे. उन्हाळ्याच्या रात्री माणसे माळवदावर झोपत, त्यामुळे तापलेल्या भिंती सावकाश निवत तेव्हा घरात फारसे कोणी नसे. घराची रचना आणि राहण्याची रीत एकमेकींना धरून होत्या.

या छपराचा दोष त्याच्या देखभालीतच होता. माळवद गळू लागले की मृगाआधी त्यावर आणखी माती घालायची, हा सोपा उपाय. जुना थर काढून नवा घालण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नसे. पिढ्यान्‌पिढ्या थर चढत गेले आणि अनेक घरांवर दीड-दोन फूट माती साचली. दीड फूट मातीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे सातशे किलो भरते. म्हणजे दहा बाय बाराच्या एका खोलीवर सात-आठ टन. घर त्या प्रमाणात गार राहिले, पण सारा भार चिखलात बसवलेल्या दगडांवर आणि जुन्या लाकडांवर होता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत ते वजन खाली आले. किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात झालेल्या भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने ती मध्यम, तरीही हजारो माणसे गेली. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या तोंडांना जोडणारे आरपार दगड नव्हते, त्यामुळे भिंती मधोमध फुटल्या आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर कोसळली. जिथे छपराचा भार लाकडी खांबांच्या खणांवर होता आणि सांधे मजबूत होते, तिथे भिंती पडूनही कित्येक माळवदे उभी राहिली. दोष मातीचा किंवा दगडाचा नव्हता, तो बांधणीचा आणि वाढत गेलेल्या वजनाचा होता. हा भेद अभियंत्यांनी मांडला, पण आपली माणसे गाडली गेलेली पाहिलेल्या लोकांच्या मनात तो उतरणे शक्य नव्हते. दगडी भिंतींची धास्ती बसली. सर्वाधिक हानी झालेली पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसवली गेली. तिथे काँक्रीटचे ठोकळे आणि स्लॅब आले, आणि पुढे शेजारी पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. ही घरे सुरक्षित होती आणि उन्हाळ्यात तापणारीही.

कोकणातला बदल यापेक्षा सुखाचा झाला. बाझल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला यंत्रावर कौले बनवण्याचा कारखाना काढला आणि समुद्रमार्गे ती कौले किनाऱ्यावरच्या गावांत आणि मुंबईत पोहोचली. कुंभाराच्या हाती घडलेल्या नळीच्या कौलांपेक्षा ती एकमेकांत घट्ट बसत, माकडांनी आणि वाऱ्याने कमी हलत. दर चौरस मीटरला त्यांचे वजन जेमतेम चाळीस किलो. कौल स्वतः पातळ असते आणि तापतेही, पण कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, आणि खाली फळ्यांचा माळा किंवा तक्तपोशी असली तर मधल्या हवेचा एक थरच तयार होतो. माळ्यावर पेंढा आणि जुने सामान ठेवण्याच्या सवयीने त्यात भरच पडली. जांभ्याच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर आणि माळा ही रचना दमट हवेसाठी आजही उत्तम आहे.

नालीदार लोखंडी पत्रा इंग्लंडमध्ये १८२९ साली निघाला आणि गोदामे, रेल्वे, गिरण्या यांच्यामार्फत इथे आला. आग लागत नाही, वाळवी लागत नाही, शाकारणी नाही आणि दोन माणसे एका दिवसात बसवतात. गरिबाने तो का स्वीकारला हे सांगायला नको. पण उष्णता रोखण्यात त्याच्याइतके निरुपयोगी साहित्य दुसरे नाही. विसाव्या शतकात आलेले अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे थोडे कमी तापतात, मात्र ते कापताना किंवा फोडताना उडणारे तंतू फुप्फुसांचा कर्करोग घडवतात. त्यांची शिफारस कोणत्याही घरासाठी करता येत नाही.

शहरांत लोखंडी सळयांचा स्लॅब आला आणि मजल्यावर मजला चढवणे शक्य झाले. पाच-सहा इंचांचा स्लॅब दोन्ही पद्धतींच्या मध्ये अडकतो : उष्णता अडवायला पातळ, आणि तापला की मध्यरात्रीपर्यंत खोलीत ती सोडत राहण्याइतका जड. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबांना हे वेगळे सांगावे लागत नाही. यावर गवंड्यांनी शोधलेला उपाय म्हणजे विटांच्या तुकड्यांचा कोबा. तो घालतात मुख्यतः गळती थांबवायला आणि उतार द्यायला, पण विटांच्या तुकड्यांमुळे उष्णताही काही प्रमाणात अडते. वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे चायना मोझेक केले, किंवा नुसता चुना मारला, तरी ऊन परतून जाते. खर्चाच्या मानाने इतका फायदा देणारा दुसरा उपाय नाही.

भिंतींच्या बाबतीत महत्त्वाचा बदल पुण्यात घडला. स्वीडनमध्ये १९२० च्या दशकात विकसित झालेली वायुमिश्रित, हलक्या काँक्रीटची विद्या बी. जी. शिर्के यांनी १९७० च्या दशकात इथे आणली आणि ‘सिपोरेक्स’ हे नाव गवंड्यांच्या तोंडी बसले. आज कोणत्याही कंपनीच्या अशा ठोकळ्याला पुणेकर सिपोरेक्सच म्हणतात. लहान लहान बुडबुड्यांनी भरलेला हा ठोकळा भाजक्या विटेच्या तिपटी-चौपटीने उष्णता अडवतो आणि वजनाने तिच्या निम्म्याहूनही कमी असतो. गवताचा गुण आणि दगडाचा टिकाऊपणा यांचा मेळ एवढ्या स्वस्तात याआधी कुणाला साधला नव्हता. मात्र तो मुख्यतः भिंतीतच राहिला. छपरावर थर्मोकोल किंवा पफचे (पॉलियुरेथेन फोमचे) थर घालण्याची पद्धत मुख्यतः शीतगृहे आणि कारखान्यांपुरती उरली.

२०१८ साली केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता आणली. छपरातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तीत ठरवून दिली आहे : एक अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमागे १.२ वॅट. उघड्या स्लॅबमधून याच्या जवळपास तिप्पट उष्णता येते. स्लॅबच्या वरच्या बाजूला दीड-दोन इंच रोधक फोम, त्यावर कोबा आणि पांढरा पृष्ठभाग एवढे केले की ही मर्यादा पाळता येते, आणि छपरावर वाढणारे वजन जुन्या माळवदाच्या एक-तृतीयांशाहूनही कमी राहते. हे काम घर बांधतानाच स्वस्त पडते. म्हणून स्लॅब ओतण्याची तारीख ठरवण्यापूर्वी त्याच्यावर काय घालायचे हे ठेकेदाराशी ठरवून, अंदाजपत्रकात लिहून घ्यावे.