नौगावचा पारखदार

जर्मनीत १ एप्रिल २०२४पासून प्रौढांना घरी भांगेची तीन झाडे लावता येतात. साधे बी पेरून दिव्याखाली रोपे वाढवणाऱ्या नवशिक्याला नर झाड ओळखावेच लागते. पेरापाशी पांढऱ्या तंतूंची जोडी दिसली तर मादी, गोल कळी दिसली तर नर. नर वेळीच उपटला नाही, तर मादीचा तुरा बियांनी भरतो, राळ घटते.

हीच नजर मला सरकारी कागदांत भेटली, ती राजशाहीच्या नौगावात (आजचा बांगलादेश). तिथला परवानाधारक शेतकरी गांजा पिकवी, पण नर निवडायला पोद्दाराला, म्हणजे पारखदाराला, पैसे देऊन बोलावी. १८९३-९४च्या आयोगाने १,१९३ साक्षीदार तपासले. सात खंड भरले. त्यातली वेड्यांच्या इस्पितळांची चर्चाच अधिक उद्धृत होते. मला शेतीची पाने मोलाची वाटतात. पारखदाराची विद्या कागदावर आली ती मात्र सरकारला गांजावरचा महसूल हवा होता म्हणून. पुढे १९८५च्या कायद्याने आपल्याकडे परवान्याविना कुंडीतले एक रोपही गुन्हा ठरले. पोद्दार मात्र उभ्या पिकातून ओळीने फिरे आणि कळी फुटण्याआधीच नर उपटून टाकी.